तिच्या ताटातली भाकरी

मला मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आतड्याचं अस्तर कमजोर झालं, की नको ते रक्तात झिरपतं आणि साखरही बिघडू शकते. मैदा सोडा, भाकरी, पालेभाजी खा." मी हे हिंजवडीच्या ऑफिसात, सोसायटीत, सगळ्यांना समजावत सुटलो. घरी तर रोज जेवताना, आतडं म्हणून पिठाची चाळणी हातात घेऊन.

काही दिवसांनी पाहिलं, तर बायकोच्या, प्रियदर्शनीच्या, ताटातही भाकरी. तिचा लाडका क्रीमरोलही बंद. मला अगदी भरून आलं.

"माझ्यासाठी किती करतेस गं!"



"तुमच्यासाठी नाही हो. माझीही साखर वाढलीय. केव्हाची सांगणार होते, पण तुमचं आतड्याचं पुराण संपेल तर ना!"