उगाईंचा खांदा

जपानमधल्या त्या गावचा किल्ला जळाला त्या दिवशी सरदाराची चिनी बरणी उगाईंच्या पूर्वजाने पळवली, असं गाव साडेचारशे वर्षं मानत आलं होतं. म्हणून देवाच्या पालखीला उगाईंचा खांदा चालत नसे. सदाए उगाई गेली सहा वर्षं त्याच किल्ल्याच्या उत्खननावर रोजाने माती खरवडत होती. मंगळवारी सरदाराच्या दालनाखालच्या जळक्या थरात तिच्या खुरप्याला निळ्या नक्षीचे तुकडे लागले. एकूण त्रेसष्ट निघाले. जुळवल्यावर अख्खी बरणी झाली. ती किल्ल्याबाहेर कधी गेलीच नव्हती.

गुरुवारी वाडीप्रमुख मिझोगुची तिच्या घरी आला. त्याने कमरेत वाकून शिक्क्याचं पत्र पुढे केलं: 'गावाने उगाई घराण्याला माफ केलं आहे. यंदा पालखीला खांदा द्यावा.'

"घरात मी एकटीच आहे," सदाए म्हणाली. "बाईचा खांदा चालतो?"

"गेल्या वर्षापासून चालतो."

तिने तारीख पाहिली. "पत्र तर मार्चमधलं आहे. तुकडे परवा सापडले."

"सोळा खांदे लागतात, उगाईसान. बाराच उरलेत, त्यातही तिघांचे गुडघे गेलेत. तुम्ही चोर आहात असं धरूनच आम्ही माफ करून टाकलं होतं. पत्र द्यायचं तेवढं राहिलं."

सदाएने चष्मा काढला, पत्राची घडी घातली आणि ते त्याच्या हातात परत ठेवलं.

"पहिल्या वाक्यात गाव आणि उगाई यांची अदलाबदल करून आणा," ती म्हणाली. "मग खांद्याचं बघू."