भिंतभर समुद्र

डबा झोकांड्या खात होता. चाळीस फुटी लोखंडी डबा, चार दोरांना लटकलेला, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. खाली ट्रक उभा, पलीकडं समुद्र. खुशीचे दोन्ही हात दांड्यांवर गच्च. ही तिसरी आणि शेवटची खेप होती. आधीच्या दोन वाया गेल्या होत्या.

समुद्र खोटा होता, ट्रकही खोटा. अमरावतीत कुठून आला समुद्र! राजापेठेत, शिकवणी वर्गांच्या गर्दीत, दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये भिंतभर पडदा लावला होता आणि त्याच्यापुढं क्रेनमध्ये असते तशी खुर्ची मांडली होती. पश्चिम किनाऱ्यावरचं एक मोठं बंदर आणखी मोठं होत होतं. डबे मावेनात, परदेशी निघालेल्या मोटारींना जागा पुरेना, म्हणून समुद्रात भर टाकून नवे धक्के बांधले जात होते. नव्या क्रेनांवर बसायला माणसं हवी होती. ती शोधत बंदराचे साहेब थेट वऱ्हाडात आले होते. परीक्षा मात्र खरी होती.

मागच्या बाकावर बेबीताई बसली होती. खुशीची आई. तिवशाजवळ दोन एकरांत भाजीपाला, आणि तो विकायला रोज राजापेठेत. एकुलती एक पोरगी, आयटीआय झालेली. पास झाली तर सातशे किलोमीटर लांब जाणार. घरात मग नवराबायको आणि भिंती. बेबीताई कुणाजवळ बोलली नव्हती, पण महिनाभर देवापुढं तिचं एकच मागणं होतं. माही पोट्टी नापास होऊ दे रे बाप्पा. आणि देवानं ऐकलेलं दिसत होतं. दोन खेपा तर गेल्याच होत्या.

पण सकाळपासून बाईचं चित्त काही ठिकाणावर नव्हतं. परीक्षेआधी साहेबांनी सगळ्यांना पडद्यावर बंदर दाखवलं होतं. अवं माय, एवढं पाणी! काठच नाही! एक जहाज आलं ते येतच राहिलं. आता संपेल, मग संपेल, पण त्याचं शेपूट काही दिसेना. दुसऱ्या जहाजानं पोट उघडलं आणि कोऱ्या मोटारी मुंग्यांसारख्या ओळीनं आत शिरायला लागल्या. शिरतायत, शिरतायत, आणि जहाजाचं पोट काही भरत नाही. बेबीताईच्या हातातला चहा तसाच गार झाला.

"आन् एवढाले डबे कोन उचलते जी?" तिनं साहेबांना विचारलं होतं.

साहेब हसले होते. "खुर्चीवर बसलेलं एक माणूस, बाई. दोन हात."

ते दोन हात आता खुशीचे होते, आणि चुकत होते. डबा डावीकडं गेला की ती दांडा उजवीकडं ओढत होती. तिच्याआधी बसलेल्या सगळ्या पोरांनी हेच केलं होतं. झोका वाढतच चालला होता.

बेबीताईला नुसतं गप्प बसायचं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम. पोरगी घरची घरी.

पण तिनं उन्हाळेच्या उन्हाळे खोल विहिरीतून पाणी शेंदलं होतं. भरली बादली अशीच पिसाळते. दोर उलटा ओढला की दगडावर आदळते आणि अर्धं पाणी सांडून जातं. ती जिकडं जाईल तिकडं हात न्यायचा असतो. हात बरोबर तिच्या डोक्यावर आला की ती निमूट उभी राहते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, हातालाच कळलं होतं.

"तिच्या मांगं जाय, वं!" बेबीताई उभी राहून ओरडली. "ओढू नोको! बादली हाय ते, बादली!"

अख्खा हॉल वळला. खुशीनं मान वळवली नाही. तिचा हात डब्यामागं गेला. डबा एकदा हलला, अर्धा हलला आणि थांबला. मग झोपलेलं लेकरू खाली ठेवावं तसा तो ट्रकवर टेकला.



"ही खेप बाद," साहेब म्हणाले. "कुणी सांगितलेलं चालत नाही." मग त्यांनी पडद्यावर निमूट टेकलेल्या डब्याकडं पाहिलं. "पण आणखी एक देतो. वारा दुप्पट असेल. आणि बाई, तुम्ही बाहेर."

बेबीताई जिन्यात येऊन उभी राहिली. खाली गाड्यांचे हॉर्न वाजत होते. सवयीनं तिनं हात जोडले. महिनाभराचं मागणं ओठांवर आलं, पण पुढं सरकेना. "पास कर," ती पुटपुटली आणि स्वतःच दचकली. मग मात्र तिनं डोळे मिटून तेच पुन्हा पुन्हा म्हटलं.

दार उघडलं. खुशीच्या कपाळावर घाम होता आणि हातात एक कागद. मागून साहेब म्हणाले, "वारा दुप्पट होता, बाई. तरी डबा अलगद ट्रकवर टेकला. पुढच्या सोमवारी पाठवा तिला."

साहेब आत गेले. खुशी आईकडं वळली.

"मा, मले ठाऊक हाय," ती म्हणाली. "मी जाऊ नये, असंच तुले वाटे. मंग कावून वरडली?"

बेबीताईनं पोरीचे दोन्ही हात धरले, उलटेपालटे करून पाहिले. डोळ्यांतलं पाणी पुसायचं तिला सुचलं नाही.

"तुया हातानं इतलं मोठं हालते, हे पाह्यलं ना म्या," ती म्हणाली. "आता नाही पाह्यलं, असं कसं म्हनू?"