आंघोळ घालून सोडा

“सोडला म्हणजे?” ताईने तिसऱ्यांदा विचारलं.

“सोडला म्हणजे सोडला,” काकू म्हणाली. “आंघोळ घातली, पुसला, फाटक उघडलं. गेला तो. कार्डावर तसंच आहे.”

तिने ओल्या हातानेच कार्ड पुढे धरलं. ढब्बू, वय अकरा, रंग तपकिरी. विशेष सूचना : आंघोळ घालून सोडा.

ताई मटकन खाली बसली. “अहो काकू, सोडा! खायचा सोडा! त्याच्या अंगाला वास येतो, म्हणून आंघोळीनंतर चोळायचा!”

“मग चोळा असं लिहायचं ना,” काकू म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

आता दोष तरी कुणाला द्यायचा? लोकांची कुत्री-मांजरं सांभाळायचं हे काम ताईने नऊ वर्षं एकटीने ओढलं होतं. कोणत्या कुत्र्याला जिन्याची भीती वाटते, कोणती मांजर पाहुण्यासारखी रुसून बसते, सगळं तिच्या डोक्यात. मग एक दिवस तिच्या पाठीने संप पुकारला आणि ती महिनाभर अंथरुणाला खिळली. तेव्हा नवरा म्हणाला, “तुझं डोकं घरी पडून राहिलं की दुकान बंद. ते डोकं एकदाचं कागदावर उतरव.”

म्हणून ही कार्डं. मालकांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलेल्या सूचना तिने शब्दन् शब्द कार्डांवर उतरवल्या. चार माणसं नेमली, कामं वाटून दिली आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं : डोकं चालवू नका, कार्ड बघा. काकू आधी पार्लरमध्ये बायकांचे केस धुवायची. नवी असली तरी आज्ञाधारक. तिने डोकं चालवलं नाही.

आणि आज पहिल्यांदाच ताई सकाळपासून दुकानात नव्हती. दुसऱ्या शाखेसाठी जागा बघायला गेली होती.

“किती वाजता सोडलात?”

“दहाला.”

आता एक वाजला होता.

एका माणसाला बाकीच्या जनावरांपाशी ठेवून सगळे चार दिशांना पळाले. ताईने शाळेमागचं मैदान पालथं घातलं, मटणाच्या दुकानात विचारलं, उभ्या ट्रकांखाली वाकून पाहिलं. पाठ ठणकायला लागली, पण आता पाठीचे लाड कोण करणार. तासाभरात तिने पाच तपकिरी कुत्र्यांना “ढब्बू!” म्हणून हाक मारली. एकानेच वळून पाहिलं, तेही तिच्या हातातल्या बिस्किटाकडे.

पंक्चरवाला म्हणाला, “म्हातारा, जाडा, हळू चालणारा ना? पुलाकडे गेला बघा.”

पुलावर गाड्यांची रांग लागली होती. ताईने कठड्यावरून दोन्ही बाजूंना पाहिलं. रस्त्यावर काहीच पडलेलं दिसलं नाही.

नवऱ्याचा फोन आला. “त्यांना कळवलंस?”

“काय कळवू? तुमचा कुत्रा सोड्यात गेला म्हणून?”

“बाहेरून कळलं तर जास्त वाईट होईल गं.”

“अरे, त्या माणसाला दुसरं आहे कोण?” ती भर रस्त्यात ओरडली.

खरंच कोणी नव्हतं. ढब्बूचे मालक म्हणजे निवृत्त घड्याळजी. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. कुत्रा तिचा. ती गेल्यापासून तो दारात बसून तिची वाट बघतो, असं त्यांनी एकदाच सांगितलं होतं, तेही दुसरीकडे बघत. दोन-तीन महिन्यांनी एकदा ते ढब्बूला रिक्षातून घेऊन यायचे. किती दिवस ठेवू, असं विचारलं की म्हणायचे, “तुम्ही बघा.” एवढा विश्वास! ताईला त्याचं फार कौतुक. चौथ्या दिवशी ती स्वतः ढब्बूला घरपोच करायची. त्याला पाहिलं की घड्याळजी दारातच खाली बसायचे आणि डोळे पुसायचे. प्रेम असावं तर असं, हे ती येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची.

आता त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? घड्याळजींचं घर पुलापलीकडेच होतं. आधी तिथेच बघायला हवं होतं, हे तिला मघापासून कळत होतं. पण तिथे जाऊन कुत्रा नाही मिळाला, तर दार वाजवावं लागणार होतं. नऊ वर्षांत तिने एकही जनावर हरवलं नव्हतं. असली बातमी वाऱ्यासारखी पसरते. मग दुसरी शाखा राहिली बाजूला, पहिलीलाही कुलूप लावावं लागलं असतं.

ती गल्लीत वळली आणि जागच्या जागी थबकली.

ढब्बू दारासमोर आडवा झोपला होता. अंगाला अजून शाम्पूचा वास येत होता.

ताईने त्याला मिठी मारली आणि ती हमसून हमसून रडली. त्याने जेमतेम शेपटी हलवली. दाराच्या खालच्या फळीवर नखांचे पांढरे ओरखडे होते, त्यातले बरेच ताजे. घरात कुणी नसावं, तिला वाटलं. तरी तिने कडी वाजवली.

दार लगेच उघडलं. घड्याळजी दाराशीच होते. त्यांचे डोळे लाल झाले होते.

“काका, मला माफ करा,” ताईने एका दमात सांगून टाकलं. “चूक माझीच. सोड्याचं मी नीट समजावून सांगितलं नाही, आणि नव्या बाईंनी कार्ड चुकीचं वाचलं. त्यांनी ह्याला सोडूनच दिलं. पण पुन्हा असं होणार नाही, शपथ घेते.”

घड्याळजी हळूच उंबऱ्यावर बसले. ढब्बूने येऊन त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. त्यांनी त्याला हात लावला नाही.

“त्या बाईंनी बरोबर वाचलं,” ते म्हणाले. “तीन वेळा लिहून दिलं मी. तुम्हीच दर वेळी परत आणून देता.”