वनिताचा भाग

“सगळ्या बरोबर आलात, बरोबरच दुसऱ्या वर्षाला जायचं. एकही गळता कामा नये. एकमेकींना सांभाळा,” पहिल्या वर्षाच्या मुलींचे अभ्यासगट पाडताना मॅडम म्हणाल्या होत्या. आपल्या गटाच्या वतीनं कस्तुरीनं तसा शब्दही दिला होता.

आज रोजच्या जपाला बसूनही तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. गटातली वनिता आठवडाभर वर्गात आली नव्हती. सकाळी फोनवर एवढंच म्हणाली, “मी दुपारच्या एसटीनं घरी चाललेय. कायमचीच. माझ्यावाचून तुमचं कुठं काय अडतंय?”

कँटीनमध्ये कस्तुरीनं हे सांगितलं, तेव्हा गटातलीच जुई फणकारली. “एवढं करून वर हे! तिचं सगळं काम आपणच करतो ना? आणखी किती सांभाळायचं?”

कस्तुरीचा चहा तसाच राहिला. इंग्रजीला बिचकणाऱ्या वनिताला गटातल्या सगळ्याजणी दर वेळी मायेनंच म्हणायच्या, “तू राहू दे गं, आम्ही करतो.” त्या मायेत तिला एकदाही तोंड उघडू दिलं नव्हतं.

कस्तुरीनं लॅपटॉप ओढला. उद्या वर्गापुढे मांडायच्या विषयातला वनिताचा भाग तिनं स्वतःच लिहून ठेवला होता. तो तिनं पुसून टाकला.

“अगं बाई, वेड लागलं का तुला? सगळ्यांचे मार्क जातील!” जुई ओरडली.

“जाऊ देत. हा भाग तीच लिहील आणि तीच बोलेल. मराठीत बोलली तरी चालेल,” कस्तुरी हळूच म्हणाली.

एसटी सुटायच्या आत वनिताला गाठायला हवं होतं. ओढणी सावरत ती वनिताच्या हॉस्टेलकडे निघाली.