चार लाखांतला एक

“आजी, कडी काढू नकोस!” सुयोग ओरडला.

कमळ काय खुळी होती कडी काढायला? कडी तर तिनेच घातली होती. वर मासळीची जड पेटीही दाराला लोटली होती.

बाहेर तो माणूस सकाळपासून उभा होता. अंगात भारताची निळी जर्सी, पाठीवर कल्पिताचं नाव, हातात गुलाबांचा गुच्छ. आधी नुसता उभा होता. आता दार बडवत होता.

कल्पिता कमळची नात. भारताकडून हॉकी खेळायची. पेनल्टी कॉर्नरला गोळीसारख्या सुटणाऱ्या चेंडूवर पहिली धावून जायची ती. मागच्या स्पर्धेत असाच एक चेंडू तिने अंगावर घेतला, भारत जिंकला, आणि तिच्या मोबाइलवर चार लाख माणसं गोळा झाली. कमळने वर्सोव्याच्या अख्ख्या मासळीबाजाराला ऐकवून सोडलं होतं, “तुमच्या पोरींना शेजारचा तरी ओळखतो काय गं?” आणि आता तीच पोर मोरीत अंग चोरून बसली होती.

“दादा, पोलिसांना फोन कर ना!” ती आतूनच म्हणाली.

“करतो, करतो. असले येडे असतात गं. कंटाळून जाईल.” सुयोग मोबाइल हातात धरून नुसता घाम पुसत होता. कल्पिताला सरावातून वेळ कुठला? तिचं ऑनलाइनचं सगळं हा भाऊच बघायचा. फोटो टाकायचे, तिच्या नावाने लोकांना उत्तरं द्यायची. चाहते टिकवावे लागतात म्हणे.

कमळने पदर खोचला. खिडकीच्या फटीतून ती कडाडली, “ए मेल्या, तुला आईबाप हायेत का नाय? माझी पोर तुला ओळखत पण नाय!”

दार वाजायचं थांबलं.

“ओळखत नाही?” त्याचा आवाज रडवेला झाला. “रोज बोलते माझ्याशी! बुधवारी काय जेवली तेसुद्धा सांगितलं. आजीने निवट्यांचं कालवण केलं, चिंच जास्त पडली, म्हणून आजी स्वतःच्याच हाताला शिव्या घालत होती. खोटं आहे का हे? विचारा तिला!”

कमळ खिडकीपासून मागे सरली. माझ्या टोपातलं ह्याला कुठून कळलं?

कल्पिता मोरीतून बाहेर आली. पांढरीफटक. “आजी, बुधवारी मी बेंगळुरूला होते. कॅम्पमध्ये.”

होतीच ती तिकडे. बुधवारी या घरात दोनच पानं मांडली होती. त्यातलं एक कमळचं.

बाहेर पुन्हा धडाधड सुरू झालं. कमळने दाराकडे बघितलंही नाही. ती सुयोगच्या अगदी जवळ गेली आणि जन्मात कधी न काढलेल्या बारीक आवाजात तिने विचारलं,

“आणखी किती जणांना जेवायला बोलावलंयस रे?”