तिसरी मोजणी

“आकडा वाईट निघाला तर तीनदा मोज. चौथ्यांदा मोजलास, तर ती पळवाट,” वेधशाळेच्या अनसूयाबाई काम वृंदावर सोपवून जाण्यापूर्वी म्हणाल्या होत्या.

वृंदाने तीनदा मोजलं.

फुटलेल्या ताऱ्याचा तापलेला वायू सेकंदाला दहा हजार किलोमीटर वेगाने वस्तीकडे येत होता. पोचायला नव्वद वर्षं; त्या भरवशावर लोकांनी इथं घरं बांधली. वस्ती सोडून जाणारं शेवटचं यान आज संध्याकाळी निम्मं रिकामं निघणार होतं. पण आज त्या वायूतला एक झोत तिप्पट वेगाचा दिसला. म्हणजे तीसच वर्षं.

“मालनताईंनी यानातली जागा सोडली ना?” सहकारी मोरेश्वरने विचारलं.

“हो. बाळ इथंच म्हातारं होईल म्हणाली.”

“आज डोहाळजेवण त्यांचं. ओटीत हे घालणार? उद्या सांगा की.”

“उद्या यान कुठंय? वेग बदलला तर आधी तुला सांगेन, असा शब्द दिलाय मी तिला, माझ्या बहिणीला. वस्तीच्या सभेला तुम्ही कळवा.”

“रडतील हो त्या.”

“रडू दे. यानात बसून रडेल.”

वृंदाने आकड्याचा कागद कमरेला खोचला, ओटीचं तबक उचललं आणि ती मालनच्या घराकडे निघाली.