पित्ताची गोळी

माझी अकरा वर्षं प्रयोगशाळेत एकाच काइनेजवर गेली. पेशीला वाढीचा हुकूम देणारं हे प्रथिन चालूच राहिलं, की रक्ताचा कर्करोग होतो. बाबांना नेमका तोच झाला. काइनेजला आवर घालणारी गोळी लागूही पडली. पण ताजा रिपोर्ट बिघडला. “गोळ्या चुकवल्या असणार. दहादा बजावलंय,” डॉक्टरांसमोरच मी बाबांना फैलावर घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, “पित्ताची गोळी चालू आहे? पोटात आम्ल कमी पडलं, तर कर्करोगाची गोळी नीट विरघळत नाही.” दोन महिने रोज पित्ताची गोळी मीच देत होते. स्ट्रिप आत्ताही पर्समध्ये होती. बाबा म्हणाले, “मीच दुकानातून आणतो. ही पोर नको म्हणाली होती.” “घरात इतकी जाणकार मुलगी असताना?” डॉक्टर वैतागले. मी पर्सची उघडी चेन हळूच लावली.